पेटीला घाम फुटला

माझ्या हातात आलेलं एकही कोकरू थंडीनं मेलेलं नाही. हे मी कुणालाही छाती ठोकून सांगते. सुनेचा संगणक मात्र मी उबेनं मारायला निघाले होते, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

ज्या हिवाळ्यात बर्फानं गवत गाडून टाकलं आणि माझी तीनशे मेंढरं उभ्या उभ्या गोठली, त्याच्या पुढच्या वसंतात मुलगा ओचिर मला शहरात घेऊन आला. इथंही घर तेच, आमचं गेर, म्हणजे लोकरीचा गोल तंबू, मधोमध शेगडी. फक्त माळाऐवजी टेकडी, आणि मेंढरांऐवजी शेजारी. ओचिर ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस सरहद्दीकडे. घरात उरतो आम्ही दोघी, मी आणि त्याची बायको उयांगा. आणि तिचा संगणक, ज्याच्याइतके लाड मी पोटच्या पोराचेही केले नाहीत.

रात्री शेगडी विझली की गेर असं गारठतं की सकाळी बादलीतलं पाणी फोडून घ्यावं लागतं. म्हणून उयांगा झोपायच्या आधी संगणक बंद करून रजईत गुंडाळायची. सकाळी शेगडी पेटून दोन तास होईपर्यंत आणि चहाची वाफ वरच्या झरोक्यातून निघून जाईपर्यंत रजई सोडायची नाही.

“यंत्र आहे की राजकन्या?” मी विचारायची.

ती चष्मा काढून दाखवायची. “आई, मी बाहेरून आत आले की या काचा कशा धुरकटतात? गार वस्तूला ऊब लागली की पाणी धरतं. तसंच या पेटीच्या पोटात धरतं. त्या पाण्यात वीज सोडली की संपलं सगळं.”

“माझ्या मेंढरांना कुणी रजई दिली नव्हती,” मी म्हणायची. बोलायला काही उरलं नाही की मी मेंढरं काढते.

त्या पेटीत तिचा प्रबंध होता, आणि प्रबंधाचा विषय होते मी. म्हणजे माझं गाणं. पहिल्यांदा व्यायलेली मेंढी कधी कधी आपल्याच पिल्लाला जवळ येऊ देत नाही, लाथा मारते. मग तिच्याशेजारी बसून “तोइग, तोइग” असं गात राहायचं. तासन् तास. शेवटी मेंढीच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ती पिल्लाला पाजते. टेकडीवर ज्यांच्या दोन-चार मेंढ्या आहेत त्यांच्याकडे मला नेऊन उयांगानं तीन हिवाळे ते गाणं टिपून घेतलं. आवाज आणि लिखाण, सगळं पेटीत. दुसरी प्रत नाही. आणि द्यायचं होतं पुढच्या बुधवारी.

गुरुवारी आमचं वाजलं. “गाणी लिहून काय होणार? एक तरी मेंढरू परत येणार आहे का?” असं मी बोलून गेले.  उयांगा पेटी उचलून प्रबंधाच्या बाईंना टिपलेले आवाज ऐकवायला विद्यापीठात गेली आणि रात्री मैत्रिणीकडेच राहिली. मला झोप लागली नाही.

शुक्रवारी दुपारी, सरहद्दीकडे निघायच्या आधी, ओचिरनं ती पेटी विद्यापीठातून ट्रकच्या मागच्या उघड्या फळीवरून घरी आणली. बाहेर उणे पस्तीस. पेटी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड करकचून बांधलेलं. “आई, हिला हात लावू नका. उयांगा आली की बघेल,” म्हणून तो घाईनं निघून गेला.

आता हात न लावता राहिले तर मी खोरलो कसली! पिशवीवर पांढरं दव चढत होतं. मला वाटलं, सूनबाई गडबडीत ओलं प्लास्टिक गुंडाळून बसली. माळावर उघड्यावर जन्मलेलं कोकरू आत आणलं की आधी काय करतात? वरचं ओलं काढायचं, पुसायचं, शेगडीजवळ ठेवायचं. मी तेच केलं. पिशवी सोडली, पेटी शेगडीला टेकवली, कोळसा घातला आणि वर चहाचं पातेलं चढवलं. गुरुवारच्या बोलण्याची भरपाई करायची होती मला. ती आली की म्हणेन, बघ, तुझं लेकरू कसं ऊब घेऊन बसलंय.

आणि पेटीला घाम फुटला. आधी पत्रा पांढरा झाला, मग थेंब, मग ओघळ. मी पदराइतक्या लांब बाहीनं पुसत राहिले. पुसावं तितकं पाणी येत होतं. बाजूच्या जाळीतून आत पाहिलं तर आतही चमकत होतं. तेव्हा तिच्या चष्म्याची गोष्ट माझ्या डोक्यात शिरली, आणि दव बाहेरच राहावं म्हणून ती पिशवी होती हेही. तीन हिवाळे उशिरा.

उयांगा दारात आली. चष्मा धुरकटला म्हणून आधी तिला काही दिसलंच नाही. पुसून घातला, आणि तिचा चेहरा उतरला.

“आई,” ती हळूच म्हणाली, “बटन दाबलं का?”

“नाही. ते तुझं काम.”

तिनं हातमोजे काढले. “मग आशा आहे.”

मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पेटीची बाजूची झडप उघडली आणि शेगडीपासून लांब, देवापुढच्या लाकडी पेटाऱ्यावर ती ठेवली. म्हणाली, “पूर्ण सुकल्याशिवाय चालू करायची नाही. आत वाफ नको, एवढंच.”

“एवढंच” म्हणायला तिचं काय गेलं! वाफ नको म्हणजे चहा नको. ज्या गेरमध्ये खारा दुधाचा चहा उकळत नाही, ते गेर कुणाचं? पण पेटीत पाणी मीच आणलं होतं. मी पातेलं उचललं आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवलं. सकाळी आभाळाला वाहायचा पहिला चहासुद्धा मी शेजारणीच्या अंगणातून वाहिला.

रविवारी नेमका लुव्सन म्हातारा आला, आमच्या गावाकडचा. भेटीच्या रीतीप्रमाणे तपकिरीच्या डब्यांची देवाणघेवाण झाली, वाळल्या दह्याचे खडे पुढे केले. तो इकडे-तिकडे बघायला लागला.

“खोरलो, चहा दिसत नाही. शहरानं कंजूष केलं की काय तुला?”

“चहा आहे. बाहेर चल.”

“बाहेर? या थंडीत?”

“आत माझ्या सुनेचं काम सुकतंय.”

मी शेजारणीकडून थर्मास आणला आणि पाहुण्याला अंगणात उभं करून चहा पाजला. त्याच्या मिशांना बर्फ लागलं. “सत्तर वर्षांत असा पाहुणचार पाहिला नाही,” तो म्हणाला. “मग पाहून घे,” मी म्हटलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या टेकडीवर झालं, खोरलो पाहुण्यांना दाराबाहेर चहा पाजते. होऊ दे.

सोमवारी उयांगानं पत्र्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, तुम्ही सांगा. तुमच्या हाताला कळतं.”

कोकरू जगणार की नाही हे पाहायचं तर त्याच्या तोंडात बोट घालतात. आतून गार असेल तर अजून धोका असतो. मी झडपेतून हात घातला. वरचा पत्रा ठीक होता. खाली, कोपऱ्यातल्या लोखंडाला अजून गारवा होता.

“आज नाही,” मी म्हटलं.

परवा बुधवार होता. तिनं ओठ चावला. पण अंगाभोवती रजई गुंडाळली आणि माझ्या शेजारी येऊन झोपली. एवढा भरवसा माझ्यावर ओचिरनंही कधी टाकलेला नाही. मी रात्रभर उठून उठून शेगडीत कोळसा घालत राहिले, घर गारठू दिलं नाही.

मंगळवारी दुपारी लोखंड माझ्या तळहाताइतकंच कोमट लागलं. “आता,” मी म्हटलं.

“तुम्ही दाबा.”

“मी?”

“तुम्हीच.”

मी दाबलं. पंखा गुरगुरला, पडदा उजळला. उयांगा भराभर आत शिरून पाहत होती, तिचे ओठ हलत होते. मग तिनं टिपलेला एक आवाज लावला. तोइग, तोइग. माझाच आवाज, पहिल्या हिवाळ्यातला. मी डोळे टिपायला बाही उचलली, तेवढ्यात गाणं संपलं आणि पेटीतली तीच मी उयांगावर खेकसले: “झालं का तुझं? मेंढीनं पिल्लू घेतलं एका रात्रीत. म्हणून मी कुणाच्याही पोरीला जवळ घेईन असं समजू नकोस.”

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. हे मी बोलले होते, आणि ही पोरगी तीन हिवाळे ते ऐकत, लिहीत बसली होती.

“काढून टाक ते,” मी म्हटलं.

“नको ना आई. जसं होतं तसं ठेवायचं असतं.”

“मग खाली माझं आणखी एक वाक्य लिही. मेंढीला एक रात्र लागली, खोरलोला तीन हिवाळे.”

तिनं लिहिलं. रडत होती, तरी लिहिलं. मी तिचाच चष्मा नाकावर चढवून ते पुन्हा पुन्हा वाचलं, एक अक्षरही गाळलेलं नव्हतं.