लाल लोकरीचा गळ

एरिबेर्तोच्या हातून निसटलेली ट्राउट दर रविवारी वाढत होती. मासेमारीचा हंगाम उघडला त्या दिवशी, मोठ्या खडकाखालच्या डोहात, ती त्याचा दोरा तोडून गळासकट पळाली, तेव्हा ती बोटांपासून कोपरापर्यंत होती. डिसेंबरचा उन्हाळा लागेतो ती खांद्याला पोचली. ऐकायला कोंपाद्रे लिंदोर, म्हणजे त्याच्या लेकाचा धर्मपिता, बसला असला की खांद्याच्याही पुढे जायची.

"माझाच गळ घेऊन फिरतेय ती," तो सांगायचा. "लाल लोकर बांधलेला. ओळखाल लगेच!"

लोकर बायकोच्या विणकामाच्या टोपलीतून पळवलेली असायची. ओतीलिया बटाटे सोलता सोलता सगळं ऐकायची. नवऱ्यानं आणलेला प्रत्येक मासा आजवर तिनंच साफ केला, तळला. पण नदीवर त्यानं तिला एकदाही नेलं नव्हतं. स्कर्टची सावली पाण्यावर पडली की मासे बुजतात म्हणे! या बोलण्याचा तिला मनस्वी राग होता, आणि नदीची हौस रागाहून मोठी होती.

त्या रविवारी तिनं सुरी खाली ठेवली.

"आज मी येणार. एक तरी मासा धरला, तर दर रविवारी येणार. नाही धरला, तर पुन्हा नदीचं नाव काढणार नाही."

"आणि धरलास तर साफ कोण करणार?" लिंदोरनं काडी लावली.

"हा करेल."

एरिबेर्तो पोट धरून हसला. "कबूल! अगं म्हातारे, तुला गळ तरी बांधता येतो का?"

तिनं फळीमागून पीचचा रिकामा डबा काढला. धुतलेला, कडा घासून गुळगुळीत केलेला, आत मुठीसाठी आडवी काठी ठोकलेली. बाईसाहेबांची तयारी आजची नव्हती. गळकाठीऐवजी डब्यावरच नायलॉनचा दोरा तिनं वेटोळ्याला वेटोळं लावून गुंडाळला, टोकाला गळ आणि शिशाचा बारीक मणी बांधला, गाठ ओठांत ओली करून आवळली.

"एवढंसंच शिसं? बुडणार कसं ते?" एरिबेर्तोनं विचारलं.

"बुडायला नकोच आहे."

त्यानं गांडुळांचं डबडं पुढे केलं. तिनं ते बाजूला सारलं, दारातलं झुडूप हलवलं आणि टपटप पडलेले हिरवे भुंगे एप्रनच्या खिशात भरले.

"भुंगे? कोंपाद्रे, ही माशांना हसवून मारणार!"

"मासे तू धरतोस, पोटं मी फाडते. डिसेंबरात पोटात हेच असतात, गच्च. कधी विचारलंस मला?"

नदीवर तिनं डब्याचं बूड पाण्याकडे धरलं, गळ गरगरा फिरवला आणि सोडला. तो लिंदोरच्या टोपीत जाऊन बसला. दोघे पुरुष गवतावर लोळून हसले. ती हसली नाही. दुसऱ्या वेळी भुंगा खडकाच्या कडेला अलगद पडला आणि तरंगत डोहात शिरला. पाणी फुटलं. दोरा ताठ झाला.

"सैल सोड!" एरिबेर्तो ओरडला. "ओढ! नको ओढूस!"

तिनं कुणाचंच ऐकलं नाही. डबा छातीशी घट्ट धरून ती पाठमोरी काठ चढत गेली. ट्राउट गवतावर उडाली, तशी ओतीलिया स्कर्टसकट तिच्यावर बसली.

"धरला! माझा मासा!" ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाही कळत नव्हतं. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

लिंदोर शेकोटीसाठी लाकडं आणायला गेला. एरिबेर्तो शब्दाला जागून सुरी घेऊन गुडघ्यांवर बसला आणि तसाच थबकला. माशाच्या जबड्यात गंजलेला गळ होता. त्यावर लाल लोकर.

मासा दीड वीत भरला असता.

त्याचे कान लाल झाले. ओतीलियानंही पाहिलं होतं. सगळ्या हंगामाच्या फुशारक्या तिच्या एका शब्दावर होत्या, आणि लिंदोर मोळी घेऊन परत येत होता. तिनं अंगठ्यानं तो गळ काढला आणि खिशात, उरलेल्या भुंग्यांत टाकला.

"काय सापडलं?" लिंदोरनं विचारलं.

"भुंगे. मी म्हटलं नव्हतं?" मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "ती मोठी अजून खाली खडकापाशीच असेल, नाही रे?"

एरिबेर्तोनं सुरी गवतावर ठेवली.

"असणारच. पण ती एकट्याला आवरायची नाही. दोन डबे लागतील. पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतोय, कोंपाद्रे. एवढी आहे ती!" त्यानं हात पसरले, पण आज जरा बिचकतच.

ओतीलियानं त्याचा उजवा हात धरला आणि आणखी थोडा लांब सरकवला.

"एवढी," ती म्हणाली.