छातीतली हिंजवडी

दर रविवारी कोळवणच्या त्या फार्महाऊससमोर गाड्यांची रांग पार भातखाचरांपर्यंत जायची. हिंजवडीच्या मोटारी, भरे गावच्या जीपा, आणि प्रत्येक गाडीत कुणीतरी खोकणारं. थंडी पडली की हिंजवडीवर धूळ आणि धूर असा बसतो की समोरचा टॉवर दिसत नाही. त्या हवेनं छाती धरली की माणसं डॉक्टर सोडून प्राणनाथ महाराजांकडे धावायची.

महाराज काचेच्या पेल्यात नितळ 'तीर्थ' ओतायचे आणि हातात नळी द्यायचे. "फुंक! छातीतली हिंजवडी बाहेर काढ!" भक्त फुंकायचा आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. गर्दी हात जोडायची. सगळं सिमेंट निघालं, असं महाराज जाहीर करायचे. डॉक्टर नुसता पंप देतो, मी फुप्फुस फॉरमॅट करून देतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर आयटीतली शिकलीसवरली मंडळीसुद्धा माना डोलवायची. कपाळ माझं!

मी भऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या शेजारचा नथू हिंजवडीच्या एका कंपनीची कॅब चालवायचा. दिवसभर ट्रॅफिकमध्ये काच खाली करून बसायचा, त्यात दमा वाढलेला. डॉक्टरांनी त्याला रोज ओढायचा पंप दिला होता. पण त्याची आई रंभाबाई म्हणायची, पंपाची सवय लागते, एकदा धरला की जन्माचा मागे लागतो. महाराजांनीही हेच सांगितलं आणि तिला देवच भेटला. मायलेक कोळवणला गेले, नथूनं फुंकलेलं पाणी पांढरं झालं आणि पंप महाराजांच्या टोपलीत पडला. नथूची बायको रेश्मा रडली, मी भांडले.

"बाई, शाळंतलं शाळंत ठिवा," रंभाबाईनं मला सुनावलं.

महाराजांनी सांगितलेला पुढचा उपचार धुरीचा. आमच्याकडे बाळंतिणीला, तान्ह्या बाळाला धुरी देतातच, त्यामुळे धूर औषधी असतो हे कुणाला पटवावं लागत नाही. रंभाबाईनं दारं-खिडक्या लावून शेणी आणि गुग्गुळ पेटवला आणि दम्याच्या पोराला त्यात बसवलं. नथूची छाती अशी आवळली की त्याला जीपमध्ये घालून पिरंगुटच्या दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला. पोटच्या पोराला कुणी असं मारत नाही हो, पण तिनं ते मायेनं केलं.

महाराजांचा निरोप आला, विष फार मुरलं होतं, तुम्ही उशीर केलात. रंभाबाईला तेही पटलं! तेरावं उरकल्यावर ती नातीला, गौतमीला, कोळवणला न्यायला निघाली. पोरीलाही बापासारखीच धाप लागायची, डॉक्टरांनी तिलाही पंप दिला होता. रेश्मानं आदल्या दिवशीच मला हे सांगितलं होतं, म्हणून मी तयारीनं त्यांच्या घरी गेले. पानाला लावतात तो चुना पाण्यात कालवून रात्रभर निवळू दिला होता. वरचं नितळ पाणी पेल्यात घेतलं आणि रंभाबाईपुढे धरलं.

"रंभाबाई, तुम्ही हिंजवडीला कधी गेलाय?"

"न्हाई. माजं काय काम तितं?"

"मग या नळीनं फुंका."

माझ्यावर उपकार केल्यासारखी ती फुंकत राहिली. पाणी पांढरं झालं, तशी तिनं नळी सोडली.

मी सांगितलं, हे साधं चुन्याचं पाणी. आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, त्यानं ते पांढरं होतं. तुमच्या श्वासानं होतं, माझ्याही श्वासानं होतं, महाराजांच्याही. नथूच्या छातीतून विष वगैरे काही निघालंच नव्हतं.

"मंग पंप आसता तर नथू वाचला आसता?"

मला खोटं बोलवेना. "बहुतेक वाचला असता."

"आन् धूर मीच केला," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. रेश्मानं तिची समजूत काढली नाही. तिनं आतून गौतमीचा पंप आणला आणि सासूच्या देखत पोरीला दिला.

लोकहो, हवा खराब असेल तेव्हा नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. गाडीची काच वर ठेवा. दारात पालापाचोळा, कचरा पेटवू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप सोडू नका. यात चमत्कार नाही, म्हणून याला गर्दीही होत नाही. कोळवणला मात्र अजून होते. तिथं कुणी पेला पुढे केलाच तर एवढंच म्हणा, महाराज, आधी तुम्ही फुंका. त्या गर्दीतल्या एकानं जरी हे म्हटलं असतं, तर गौतमीला आज बाप असता.