बळवंत नाखव्याचे दोन वाटे

बळवंत नाखव्याचं मृत्युपत्र मी वेसाव्याच्या शाळेच्या ओसरीवर लिहिलं, चौथीची मुलं घरी गेल्यावर. तो सांगत होता, मी लिहीत होतो. घर बायकोला, सखुबाईला, हे त्याने एका दमात सांगितलं. मग तो खाडीकडे वळला.

"बाकी सगल्याचे दोन वाटे, दोगा पोरांना," तो म्हणाला. "वाटे थोरल्याने, म्हादूने घालायचे. नावं सखूने घ्यायची, पाठ फिरवून. एकदा नाव घेतलं का बदल नाय."

"होडी एकच आहे, बळवंत. तिचे दोन वाटे कसे होणार?"

"ते म्हादू बघंल. तुमी लिवा."

मी लिहिलं. वाटणी पार पाडायचं कामही त्याने माझ्याच नावावर टाकलं. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि तो कागद मी शाळेच्या कपाटात खडूंच्या खोक्याखाली ठेवून दिला.

पाठ फिरवून नाव घेणं म्हणजे काय, हे वेसाव्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे ढीग घालतात. एकजण सगळ्यांकडे पाठ करून उभा राहतो, दुसरा एकेका ढिगाला हात लावून विचारतो, "यो कुनाचा?" पाठमोरा माणूस ज्याचं नाव घेईल, त्याचा तो ढीग. मी वर्गात अपूर्णांक याच ढिगांवरून शिकवायचो. पाठ का फिरवायची, असं एकदा विचारलं तेव्हा म्हादूची मुलगी माणिक म्हणाली होती, "मास्तर, डोलं दिसलं का भांडान लागतं."

दोन वर्षांनी, म्हणजे चोपन्नच्या चैत्रात, बळवंत गेला. महिनाभर कुणी काही बोललं नाही. मग पाऊस जवळ आला, होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारल्या, माणसं रिकामी झाली आणि भांडण सुरू झालं.

थोरला म्हादू तांडेल होता. पंधरा वर्षं सुकाणू त्याच्या हातात. धाकटा धोंडू जाळी शिवायचा. त्याच्यासारखा हात साऱ्या वेसाव्यात नव्हता, पण होडीत बसला की दुसऱ्या लाटेला त्याच्या पोटातलं बाहेर यायचं. कोळ्याच्या पोटी जन्मून पोराला समुद्र लागतो, यावर गावाने पुष्कळ हसून घेतलं होतं.

म्हादूचं म्हणणं, होडी माझी. बा मरताना माझा हात धरून म्हणाला, होडी सांभाळ. धोंडूचं म्हणणं, सांभाळ म्हणजे घे नव्हे; अर्धी माझी.

"अर्धी म्हंजे कुठली रं?" म्हादूने विचारलं.

"मागची. ओकायला बरी."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण एका सकाळी म्हादू अंधेरीहून वकील घेऊन आला. श्यामकांत माझाच जुना विद्यार्थी, स्टेशनजवळ त्याचं ऑफिस होतं. आम्ही सखुबाईच्या ओट्यावर बसलो. श्यामकांत संकोचून म्हणाला, "गुरुजी, मृत्युपत्राला हरकत घ्यायची आहे. लिहिताना बळवंत शुद्धीवर नव्हता, असं म्हणावं लागेल."

"बा शुद्धीवर व्हता," म्हादू मध्येच म्हणाला. "मास्तर चुकले असतील."

श्यामकांतने डोळे मिटून घेतले.

सखुबाई बाजाराची पाटी विसळत होती. तिने विचारलं, "खटला किती दिस चालंल?"

"सांगता येत नाही, आजी. दोन वर्षं, तीन वर्षं. तोवर होडीला कुणी हात लावायचा नाही."

"नारली पुनवेला?"

"नाहीच."

सखुबाईने पाटी खाली ठेवली. एक हंगाम होडी कोरडी राहिली की फळ्या उकलतात, दोन हंगाम राहिली की ती चुलीत घालायची, हे त्या ओट्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जाणं, एवढंच त्या म्हातारीला हवं होतं. कुणाच्या नावाने, ते तिने कधी विचारलंही नव्हतं.

"आनि मासली कोन आनंल? जज?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "श्यामकांत, गणित सोडवून पाहण्याआधीच उत्तर चूक म्हणायचं, असं मी तुला शिकवलं नव्हतं. बळवंतने सांगितलं तसं आधी करून बघू. नाही पटलं तर कोर्ट कुठे पळून जात नाही."

मला वाटलं, म्हादू वाद घालेल. त्याने आईकडे पाहिलं, हनुवटी खाजवली आणि एकदम कबूल झाला. "चालंल. वाटे मी घालतंय."

तो इतक्या चटकन का वळला, ते मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात माणिक म्हणाली, "मास्तर, माजा बा सकालपासना खोकतंय. पन ताप नाय." मी तिला पाढे म्हणायला सांगितलं.

पौर्णिमेला चार दिवस होते. पाऊस थांबला होता. म्हादूने वाळूवर दोन वाटे मांडले. एका बाजूला होडी, डोलकाठी, वल्ही आणि नांगर. दुसऱ्या बाजूला तिन्ही मोठी जाळी, दोर, बोये आणि शीड. धोंडूने दोन्हींकडे पाहून मान डोलावली. किमतीला वाटे बरोबरीचे होते. श्यामकांतही बूट हातात घेऊन उभा होता. सखुबाई समुद्राकडे तोंड करून वाळूत बसली आणि तिने पदर कपाळावर ओढला.

मी होडीला हात लावला. "यो कुनाचा?"

म्हादू खोकला. एकदा, आणि मग नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा.

सखुबाईने पदर आणखी पुढे ओढला.

"धोंडूचा," ती म्हणाली.

"आय," म्हादू म्हणाला. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"काय रं? खोकला झालाय? घरी चल, काढा देतंय."

म्हादूने माझ्याकडे पाहिलं, वकिलाकडे पाहिलं. खूण करूनही आईने नाव दुसरंच घेतलं, ही तक्रार करायची तर खूण केली होती हे आधी कबूल करायला हवं. तो खाली बसला. श्यामकांत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गुरुजी, आता दावा कशाविरुद्ध लावू? खोकल्याविरुद्ध?"

धोंडू होडीभोवती एक फेरी मारून आला. त्याचा चेहरा लग्नात चुकीच्या मांडवात शिरलेल्या माणसासारखा झाला होता. "हिचं मी काय करू? मना वकारी येतं."

"आनि माजं काय?" म्हादूने एक जाळं उचललं. "तीन जागी फाटलंय. कोन शिवंल हे?"

"कालपत्तुर कोन शिवत व्हता?" सखुबाई अजूनही समुद्राकडेच बघत होती. "आनि धोंडू, कालपत्तुर होडी कोन नेत व्हता? मासली आली का होडीचा वाटा होडीवाल्याला, जाल्याचा वाटा जालीवाल्याला. सगल्या वेसाव्यात असंच वाटतात. तुमाला दोगांनाच नवीन हाय काय?"

थोड्या वेळाने धोंडूने खिशातून सुतळी काढली आणि म्हादूच्या हातातल्या जाळ्याचं फाटकं टोक आपल्याकडे ओढून घेतलं.

घरी परतताना मी सखुबाईला म्हणालो, "वाटणी माझ्या नावावर आहे, म्हणून विचारतो. हात कशाला लागला ते कळू नये, म्हणून पाठ फिरवायची असते."

"मी कुठं मागं बगितलं, मास्तर? त्यानंच सांगितलं. आदल्या सांजेला म्हनतो, आय, होडीला हात लागला का मी खोकीन. मी फकस्त बरं म्हनलं." ती चालता चालता थांबली. "त्याला होडी दिली असती, तर त्यानं जाली कुठूनबी आनली असती. धोंडू दुसऱ्याच्या अंगनात शिवायला बसला असता. आता एकाला दुसऱ्याच्या दारात यावंच लागंल."

ही गोष्ट मी नंतर माणिकला सांगितली. तिने विचार केला आणि म्हणाली, "मास्तर, पाठ फिरवली तरी कान उघडंच ऱ्हातात."

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. नारळ होडीच्या मालकाने सोडला, म्हणजे धोंडूने, काठावरूनच. सुकाणूवर म्हादू होता. पहिली मासळी आली तेव्हा वाटे घातले, आणि दशरथ नावाच्या खलाशाला खरोखरीचा खोकला झाला होता, म्हणून सगळी नावं घेऊन होईपर्यंत त्याला पार लांब माडाखाली नेऊन उभं केलं. उभं करणारा म्हादूच होता.