दोरीला हात

नवशानं होडीतून दोरी फेकली. ती ओल्या वाळूवर पडली आणि पडूनच राहिली.

बोंबील निवडत बसलेल्या जमनाचा हात थांबला. या किनाऱ्यावर दोरी वाळूला लागू द्यायची नसते, ती वरच्यावर झेलायची. भांडण असो, कोर्टकचेरी असो, होडी आली की जो कुणी किनाऱ्यावर असेल त्यानं दोरीला हात लावायचा, हा पाड्याचा रिवाज. होडी वर घेऊन झाली की भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू. पाड्याच्या कबड्डी मंडळाच्या पोरांच्या मांड्या या दोऱ्यांनीच कमावलेल्या. त्यांच्या पकडीतून जिल्ह्यात कुणी सुटत नाही म्हणतात, ते काही उगाच नव्हे.

ती पोरं हाकेच्या अंतरावर कबड्डी खेळत होती. उद्या बोईसरला अंतिम सामना. दर्पण चढाईला निघाला होता. त्याचा दम लांब, घुमणारा. तो ऐकायला बाया हातातलं काम सोडायच्या. जामिनावर सुटून आला त्या दिवशी त्याला नाक्यापासून वाजतगाजत आणला होता. ओवाळणाऱ्यांत जमनाही होती. सगळ्याच होत्या.

पाण्यात नवशाची बायको मैनाबाई होडीला खांदा लावून उभी होती. त्यांची लेक हेमाली कित्येक दिवसांत घराबाहेर पडली नव्हती. उपांत्य सामना जिंकला त्या रात्री ती बोईसरच्या कारखान्यातून सुटून नाक्यावर उतरली. दर्पणनं घरी सोडतो म्हणून तिला गाडीवर घेतलं, सुरूच्या बनात नेलं आणि तिच्यावर जबरदस्ती केली. असं तिनं पालघरला पोलिसांत जाऊन लिहून दिलं. बनाच्या पलीकडंच मंडळाची पार्टी चालली होती. दर्पण आमच्यातून क्षणभरही हलला नाही, असं सगळ्या पोरांनी सांगितलं. फक्त जमनाच्या मेहुलनं काही सांगितलं नाही. तो म्हणे पार्टीला नव्हताच. तापानं फणफणून घरी पडला होता.

हवालदाराला हे जमनानं सांगितलं. दारात उभं राहून, पोराला पुढं येऊ न देता.

ताप कसला नि काय. त्या रात्री मेहुल आला, जेवला नाही, भिंतीकडं तोंड करून पडला आणि म्हणाला, "आये, मी बनात गेलेलो. मी पायलं."

"काय नाय पायलंस. झोप."

पुढचं तिनं विचारलं नाही. विचारलं की कळलं असतं, आणि कळलं की सांभाळावं लागलं असतं.

"काय जमनाकाकी, मेहुलचा ताप उतरला ना?"

मंडळाचा अध्यक्ष शैलेश तिच्या पाटीशी येऊन उकिडवा बसला. मागं उभी असलेली पोरं हसली. ताप खोटा आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"त्याचा उतरला. तुझ्या डोक्यात चढलेला दिसतोय."

"चढनारच. उद्या कंपनीचे साहेब येतायत संघ बघायला. मेहुलचं नाव मी घातलंय. कॉर्नरला त्याच्यासारका दुसरा हाय कोन? सामना झाला की नोकरी पक्की समज."

"आनि ती दोरी?"

"कसली दोरी?" शैलेशनं होडीकडं मान वळवली नाही. "काकी, पोर काय, आज ना उद्या सासरी जानार. कप गावात रानार."

जमना माणसं कोळंबीसारखी निवडायची. दाबून बघितल्याशिवाय पाटीत टाकायची नाही. शैलेश तिला कधीचाच मऊ लागला होता. पण त्याला बाजूला काढून फेकायचं, तर पाटीत तिचाही पोरगा होता. ती पाटी उलटी करून बघायचा धीर तिला होत नव्हता.

भरतीची लाट आली. होडी आडवी फिरली आणि मैनाबाई तोंडावर पाण्यात पडली. खेळ थांबला नाही.

जमना उठली. हात पदराला पुसत ती वाळूतून चालत गेली आणि दोरी उचलली. मागं दर्पणचा दम तुटला. कोपऱ्यात उभा असलेला मेहुल आपल्या पायांकडं बघत होता.

"सोड, जमना," नवशा म्हणाला.

"अरे भरती लागलीय. आपटंल होडी."

"आपटू दे. तुजा हात नको."

"नवशादादा, मी काय..."

"हेमालीनं त्याला हाक मारली." नवशाचा आवाज चढला नव्हता. मासळीचा भाव सांगावा तसा तो बोलत होता. "झाडांत उभा दिसला तिला. नावानं हाक मारली. मेहुल, मेहुल. दोनदा. तिला वाटलं हा आला, म्हंजे आता सुटले. दोरीला हात काय, मिळतील कुठं ना कुठं."

मैनाबाई निथळत वर आली. पोराच्या हातातली वस्तू काढून घ्यावी तशी तिनं जमनाच्या हातातून दोरी काढून घेतली, जोर न लावता. मग दोघं नवराबायको ओढत राहिली. होडी तसूभर वर यायची, लाटेबरोबर पुन्हा खाली जायची.

ती हाक जमनाच्या ओळखीची होती. हेमाली आणि मेहुल एकाच वर्गात. शाळेला निघताना ती रोज गल्लीतून ओरडायची, "मेहुल, चल रे," आणि हा अर्धी भाकरी हातात घेऊन पळायचा.

संध्याकाळी मेहुल जेवायला बसला. जमनानं कालवण वाढलं आणि समोर बसली.

"तुला हाक मारली का तिनं?"

मेहुल भात कालवत राहिला. कालवून कालवून भाताचा लगदा झाला, तरी हात तोंडाकडं गेला नाही.

"नवशा म्हनतो, दोनदा."

"तीनदा," मेहुल म्हणाला. "मी पळालो, आये."

जमनानं ताट उचललं. त्यातलं अन्न मांजरापुढं ठेवलं आणि भांडी घासायला बसली. एरवी हे काम ती सकाळवर टाकायची.

सकाळी नाक्यावर टेम्पो लागला. झेंडे, ताशे, भोंगा. मेहुल बूट घालून अंगणात आला आणि दोरीसमोर थबकला. कालच खडखडीत वाळलेली त्याची जर्सी दोरीवर ठिबकत होती. खाली बादली अर्धी भरलेली होती. जमनाचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"आये, माजी जर्सी?"

"ओली हाय."

तिनं खुर्चीकडं बोट दाखवलं. खुर्चीवर त्याचा पांढरा शर्ट होता, लग्नाकार्याला घालायचा.

मेहुलनं जर्सीकडं पाहिलं. शर्टाकडं पाहिलं. पायरीवर बसून त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या आणि चपला घातल्या. शर्टाचं वरचं बटण त्याला लागेना. जमनानंही लावून दिलं नाही.

पालघरच्या रिक्षाही नाक्यावरूनच सुटायच्या. जायचं ते टेम्पोच्या अंगावरूनच. वाटेत नवशाचं घर लागलं. दार बंद होतं. मेहुल तिथं जरा हळू झाला, पण थांबला नाही. जमनाच्या मनात आलं, याला वळणावर पुढं घालावं की आपण पुढं व्हावं? तोवर वळण संपलं होतं.

ताशा थांबला.

"काकी, कुठं निघालात?" शैलेश ओरडला. "ए, आन त्याला हितं!"

जमना चालत राहिली. टेम्पोच्या फाळक्यावर दर्पण हात टेकून उभा होता. हसत होता, पण नीट नाही.

"मेहुल!" पोरांनी हाक मारली. "ए मेहुल!"

जमनानं पदर तोंडाशी घट्ट धरला.

"मेहुल!"

तिनं वळून पाहिलं. तो रिक्षात बसला होता आणि तिच्यासाठी सरकून जागा करत होता.