घाटातला पहिला नंबर

सायकलच्या घंटीचा स्क्रू ढिला झाला होता आणि प्रत्येक खड्ड्याला ती आपोआप किणकिणत होती—रस्त्यात कोणी आडवं नसताना, कोणाला बाजूला व्हायला सांगायचं नसताना—आणि हे निघण्यापूर्वी आपल्या लक्षात कसं आलं नाही याचा त्याला स्वतःवरच राग आला. चुका लक्षात येणं हा त्याचा धंदा होता. सत्तावीस वर्षं तो छापखान्यात मुद्रितं तपासत होता. एकदा एका वेलांटीसाठी त्याने चालू यंत्र थांबवायला लावलं होतं, आणि मालकांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली होती. ते बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘बरं झालं.’’ तेवढंच... पण आता चढाला लागल्यावर तिची आठवण कशाला?

पुढच्या वळणावर दोघांच्या पाठी दिसत होत्या. एक पैलवानाची—अंगावर मांस औषधालाही नाही म्हणून शाळेपासून पैलवान, आता टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करतो. दुसरी मेहुण्याची. बायकोचा हा धाकटा भाऊ वायरमन होता. चार वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली, तेव्हा दर वर्षीच्या घाटाच्या फेरीला आता हाही येणार नाही असं त्याने धरून ठेवलं होतं. पण त्या वर्षीही ठरल्या रविवारी सकाळी मेहुणा सायकल घेऊन दारात हजर. ‘‘चला भाऊजी, ऊन चढायच्या आत घाट गाठू.’’ बहिणीबद्दल अवाक्षर नाही. त्याला ते आवडलं होतं. पुरुषासारखा वागला, असं त्याने पैलवानाला सांगितलंही होतं.

आणि त्याच वर्षी तो घाटमाथ्यावर पहिला पोचला. त्याआधीची अकरा वर्षं तो नेमाने तिसरा येत असे, पोटाला चमक भरलेली, तोंड लाल. पण त्या वर्षी शेवटच्या दोन वळणांवर त्याने दोघांनाही मागे टाकलं, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि त्यानंतरही दर वर्षी. छापखान्यात कोणी विचारलं तर तो म्हणे, ‘‘ओझं उतरलं हो, म्हणून पाय हलके झाले.’’ लोक हसत. मीही हसायचो... नाही, मी आधी हसायचो, मग लोक.

साखळी निसटली. पाय एकदम पोकळीत फिरले, तो कसाबसा सावरला. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. वळणाआड सायकल उलटी करून, बोटं काळी करून साखळी बसवली आणि घाम पुसत सहज वर पाहिलं. रस्ता तिथे स्वतःवरच दुमडला होता. वरच्या पदरात, अगदी डोक्यावर म्हणावं इतक्या जवळ, ते दोघं कठड्यावर बसले होते. आरामात. मेहुणा संत्रं सोलत होता. पैलवानाने पाय लांब सोडले होते, आणि त्याच्या छातीचा भाता, जो दर वर्षी या वळणावर फुटायला आलेला असे, तो शांत होता. मेहुण्याने मान वाकवून खालच्या रस्त्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. एक फोड पैलवानाला दिली.

तो झाडाला लागून उभा राहिला. बराच वेळ. थांबू देत. त्यांनाही कळू दे वाट पाहणं म्हणजे काय... पण ते कंटाळलेले दिसेनात. सवयीचं काम असल्यासारखे बसले होते.

शेवटी तो सायकलवर बसला. पहिल्याच खड्ड्यात घंटी किणकिणली, आणि वर दोघं ताडकन उठले, साली दरीत गेल्या, आणि तो वळण घेऊन वर आला तेव्हा समोर दोन दमलेली माणसं नागमोडी सायकली मारत, कण्हत, कुथत चालली होती.

‘‘अरे, तू माणूस आहेस का यंत्र?’’ त्याला पुढे जाऊ देताना पैलवान म्हणाला.

संत्र्याचा वास येत होता.

माथ्यावर तो पहिला पोचला. सायकलवरून उतरला नाही, एक पाय टेकून उभा राहिला. दोघं आले, सायकली आडव्या केल्या, पैलवानाने डबा काढला.

‘‘केव्हापासून?’’ त्याने विचारलं.

‘‘काय केव्हापासून?’’

‘‘मी खालच्या वळणावरून पाहिलं.’’

पैलवान डब्याच्या झाकणाशी झटत राहिला. मेहुण्याने रुमालाने मान पुसली, जरा जास्तच वेळ.

‘‘ताईने सांगितलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘गेली त्या आठवड्यात. म्हणाली, घाटात त्यांना पुढे जाऊ दे. नाहीतर वर्षभर स्वतःलाच खातील.’’

‘‘आणि तुम्ही ऐकलंत.’’

‘‘एकदाच करायचं होतं. तुम्ही इतके खूश झालात भाऊजी, की पुढच्या वर्षी... मग ते तसंच राहिलं.’’

‘‘जेव रे आधी,’’ पैलवान म्हणाला.

तो जेवला नाही. कठड्यापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. राग येत होता, पण नेमका कुणाचा ते ठरेना, आणि त्या गोंधळात त्याला तिची चिठ्ठी दिसली, ओट्यावर पेल्याखाली ठेवलेली. ‘निघते. किल्ली शेजारी दिली आहे. दुध तापवलं आहे.’ ती जाते आहे हे कळण्याआधी त्याला दिसला होता तो ‘दुध’मधला ऱ्हस्व उकार. हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेलासुद्धा होता. एकोणीस वर्षं त्या घरात प्रत्येक वादाच्या शेवटी ती म्हणायची, ‘‘बरं, तुमचंच खरं,’’ आणि आत निघून जायची. मी ते खरं धरून चाललो. वाद जिंकल्यावर मला छान झोप लागायची... आणि ती आत जाऊन काय करत असेल? कुठल्या कठड्यावर बसत असेल, मी वर येईपर्यंत?

उताराला लागताना दोघं रेंगाळले, त्याने पुढे व्हावं म्हणून.

‘‘जा,’’ तो म्हणाला. ‘‘तुमच्या वेगाने जा. खरंच.’’

ते गेले. सुरुवातीला ब्रेक दाबत, मागे बघत; मग बहुधा राहवलं नसावं, मेहुणा हँडलवर वाकला, पैलवानाचा शर्ट फुगला आणि दोघं पाखरांसारखे खालच्या वळणात नाहीसे झाले. इतके वेगवान होते ते. इतकी वर्षं हे अंगात दाबून त्याच्यामागे कण्हत होते. त्यानेही ब्रेक सोडून पाहिला, वारा कानांत शिरला, सायकल थरथरली, आणि तेवढ्यातच बोटं पुन्हा आवळली गेली—भीतीने की सावधपणाने, त्याला सांगता येईना. आपल्याला नेमकं किती जमतं, याचाच पत्ता नव्हता. आणि ज्यांना तो होता, त्यांच्या शब्दावर आता विश्वास कसा ठेवायचा... रस्ता मोकळा होता, पुढे कोणी नव्हतं, मागेही. तो अर्धवट ब्रेक दाबून उतरत राहिला.