दार बंद आहे असं धरून

मेघा समुद्रपूरची. वडील नत्थूजी शाळामास्तर, धाकटा भाऊ रुपेश हिरालालशेठच्या कापसाच्या जिनिंगमध्ये प्रेसवर कामाला. ती स्वतः मुंबईत कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. करत होती. घरी विषय समजावताना ती एवढंच सांगे, की यंत्र चालवणारा प्रोग्राम माणसाला इजा करणार नाही, हे तिला गणिताने सिद्ध करायचं आहे.

१९९८ साली हिरालालशेठने गाठी बांधायला कॉम्प्युटरवर चालणारा प्रेस आणला. कापूस दाबून झाला की दार उघडायचं आणि आत हात घालून पट्ट्या आवळायच्या. तेव्हा वरचा दट्ट्या खाली आला तर हात गेलाच. मेघाला संशोधनासाठी खरं उदाहरण हवंच होतं. तिने यंत्र बनवणाऱ्यांकडून प्रोग्राम मागवला आणि बरेच महिने खपून सिद्ध केलं, की दार उघडं असताना दट्ट्या हलणार नाही. प्रबंध जवळजवळ लिहून झाला. इकडे शेठने त्याच भरवशावर दट्ट्याखाली लोखंडी टेकू लावायची पद्धत बंद केली. टेकू लावण्या-काढण्यात वेळ जात होता.

पुढच्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा हौसेने प्रेस बघायला गेली. रुपेश पट्ट्या आवळत होता. तेवढ्यात लाइट गेली. हे रोजचंच होतं, पण टेकू बंद झाल्यापासून दार उघडं असताना ती पहिल्यांदाच गेली होती. त्याने हात बाहेर काढून कपाळावरचा घाम पुसला. लाइट आली आणि दार सताड उघडं असताना दट्ट्या धाडकन खाली आला.

रुपेशला काही झालं नाही. मेघा मात्र लगेच प्रोग्राम घेऊन बसली. वीज परत आली की प्रोग्राम नव्याने सुरू होई, आणि सुरू होताना दार बंदच आहे असं धरून चाले. तिनेही सिद्ध करताना तेच धरलं होतं. गणितात कुठेच चूक नव्हती.

तिने शेठला प्रेस बंद ठेवायला सांगितला.

"बेटी, तूच तं म्हणे मशीन सेफ हाय. ऐन सीझनमंदी बंद कशी ठेवू?"

"म्या म्हटलं होतं. ते अर्धंच खरं निघालं, म्हणून तं सांगून राह्यली."

शेठने स्वतःच मेन स्विच पाडला, आणि टेकू लावल्याशिवाय प्रेसला हात लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं.

घरी जाताना रुपेश म्हणाला, "ताई, तुह्या कागदात तं चूक नव्हती. कोणाले समजलंही नसतं."

"कागद बरोबर होता. पण तुह्या हाताले त्याचा काय उपयोग?"

एस.टी.डी. बूथवरून तिने मार्गदर्शकांना फोन केला. ते रागावतील असं तिला वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "म्हणजे तुझा खरा प्रश्न आत्ता सापडला."

प्रबंध लांबला. सोबतच्यांना नोकऱ्या लागल्या, ती अजून विद्यार्थिनीच होती. पण कामाला आता वेगळीच धार आली. वीज कधीही गेली, तार तुटली, स्विच अडकला, तरी यंत्राने कुणाला इजा करू नये, हे सिद्ध करण्याची रीत तिने बसवली. आपण काय काय गृहीत धरलं आहे, ते साध्या भाषेत आधी लिहायचं, हा तिचा आग्रह. यंत्र बनवणारे आधी मानेनात. तिने त्यांच्या इंजिनिअरसमोर उघड्या दारातून प्रेसमध्ये बांबू ठेवला आणि वीज तोडून पुन्हा जोडली. बांबूच्या चिंधड्या झाल्या. प्रोग्राम दुरुस्त झाल्यावर तीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा बांबू अख्खा बाहेर आला. रुपेश तो बराच वेळ हातात घेऊन उभा होता.

२००५पर्यंत मेघाची स्वतःची प्रयोगशाळा झाली होती. तिची रीत परदेशातही वापरात आली. त्या वर्षी वर्ध्याला इंजिनिअरिंगच्या मुलांसमोर ती बोलली, तेव्हा पवनारच्या रुचिका नावाच्या विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मग पूर्ण भरवसा ठेवावा असा प्रोग्राम असतो का?"

मेघा म्हणाली, "पूर्ण नाही. पण आपण कशावर विसंबलोय हे उघड लिहिलं, तर दुसऱ्या कुणालाही ते तपासता येतं."

पुढच्या वर्षी रुचिका तिच्याकडे संशोधनाला आली. सलाईनमधून औषध सोडणाऱ्या पंपावर तिला काम करायचं होतं. पहिले काही आठवडे एक ओळही न लिहिता ती एका दवाखान्याच्या वॉर्डात बसून पंप कसा वापरतात ते बघत राहिली. मेघाने तिला घाई केली नाही.