बाळाची पाचवी

सोलापुरात गिरणीच्या चाळींपाठीमागे ख्रिस्ती मंडळींचे एक लहानसे प्रार्थनामंदिर होते. तेथे दर रविवारी दुपारी अंतोन मास्तर मुलांस धर्मशिक्षण देत असत. मास्तरांची स्वतःची शाळा मराठी चौथीतच सुटली होती. परंतु प्रभुजन्माची कथा ते अशा तन्मयतेने सांगत, की गव्हाणीतील कडब्याचा वास मुलांच्या नाकास यावा.

नाताळ जवळ आला असता फादरसाहेब परीक्षेस आले. जे मूल जन्मकथा उत्तम सांगेल, त्यानेच नाताळच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, येशूबाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवावयाची, असा तेथील रिवाज होता. गिरणीत काम करणाऱ्या केराबाईची मुलगी मार्था हिने त्या मानासाठी कथा एवढी घोकली होती, की घरी भाकरी थापतानाही तिचे ओठ हलत असत.

मार्था उभी राहिली. शिरगणती, भरून गेलेली सराई, गोठा, मेंढपाळ, देवदूत, सर्व काही तिने न अडखळता सांगितले. फादरसाहेबांची मुद्रा प्रसन्न झाली.

"आणि मग?" त्यांनी विचारिले.

"मग पाचव्या दिशी मारियाबाईनं पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजली. कोरा कागुद ठिवला, लेखणी ठिवली. मग सटवाईनं येऊन बाळाचं नशीब लिवलं."

नवल असे, की एकही मूल हसले नाही.

"हे तुला कोणी शिकविले?" फादरसाहेबांचा स्वर कठोर झाला.

मार्थाने मास्तरांकडे पाहिले. त्याच आठवड्यात मास्तरांच्या घरी नवजात पुत्राची पाचवी झाली होती. पहिले मूल दगावलेले; त्यामुळे मास्तरांची आई दगडाबाई हट्टास पेटली, आणि सटवाईची पूजा हे पाप आहे असे शिकविणारे मास्तर अंगणात पाठ फिरवून बसून राहिले. बाळास खेळवावयास गेलेल्या मार्थाने ते सर्व पाहिले. मास्तरांच्या घरी जे होते, तेच पवित्र कुटुंबाच्या घरीही झाले असणार, असे त्या निष्पाप जिवाने मानिले होते.

मास्तरांनी आपली दृष्टी भिंतीवरील चित्राकडे वळविली.

"कुनीच न्हाई, फादर," मार्था म्हणाली. "माज्या मनानं मीच घातलं."

मूर्ती ठेवण्याचा मान दुसऱ्या मुलाकडे, लाजरसकडे गेला. फादरसाहेब चहा घेण्यास ओसरीवर गेले. मास्तर मुलांपुढे येऊन उभे राहिले. अखेरीस ते मुलांस म्हणाले, "मुलांनो, मार्था खोटे बोलली, ते माझ्याकरिता. ती पाचवी माझ्या घरची."

"आमाला ठावं हाय की, मास्तर," पाठीमागे बसलेला गुंडा म्हणाला. "घुगऱ्या आमीबी खाल्ल्या. दगडाआजीनं वंजळ भरून दिल्या."

"मग फादरसाहेबांपुढे तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमचं काम गेलं नसतं व्हय? मग गोष्ट कोन सांगनार? ह्या लाजरसचा बा?"

"त्यो लई मारतो," स्वतः लाजरसच म्हणाला, आणि सर्व मुले हसली.

मास्तरांस मात्र धरणीने पोटात घ्यावे असे झाले. ज्यांस आपण सत्य शिकवीत होतो, ती लेकरे आपल्यावर पांघरूण घालीत होती! ते दाराकडे वळले.

"नगा जाऊ, मास्तर," मार्था काकुळतीने म्हणाली. "मला नगं ती मूर्ती."

मास्तर ओसरीवर गेलेच. फादरसाहेबांनी सर्व ऐकून घेतले आणि पेला खाली ठेविला.

"मूर्ती मार्थाच ठेवील," ते म्हणाले. "तुमचे काम मी काढून घेत नाही. परंतु नाताळपर्यंत शिकवीन मी. तुम्ही मुलांत बसून ऐकावे."

पुढील रविवारी अंतोन मास्तर सतरंजीच्या कडेला, भिंतीशी अंग चोरून उभे राहिले. तोच मुलांनी सरकून जागा केली. मास्तर खाली बसले. त्यांची मान काही केल्या वर होईना.

"वर बगा की, मास्तर," मार्था हळूच कुजबुजली. "खाली बगितलं, की फादर म्हनत्यात पाठ न्हाई, आन् मग त्यालाच इचारत्यात."